उज्जैनमधली आपली मंडळी

सोमवारी सकाळी साडेनऊ वाजता उज्जैनहून फोन आला. दादा वारला होता. शुक्रवारी वारला होता. सोमवारी दार तोडले तेव्हा कळले.

फोन त्याच्या घरमालकीणबाईंचा होता. मुजुमदार त्यांचे आडनाव. त्या आणि त्यांचे यजमान लग्नासाठी देवासला गेले होते, सोमवारी सकाळी परतले आणि वरच्या खोलीचे दार वाजवत राहिले. दादा, म्हणजे माझा थोरला भाऊ प्रभाकर, रेल्वेतून निवृत्त झालेला, एकटा, सत्तरीला आलेला. चाळीस वर्षे उज्जैनमध्ये होता. मी नगरला एका कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरी केली, तीही संपली. आम्ही दोघेच उरलो होतो.

दुपारी पुन्हा फोन आला तेव्हा मी बॅग भरून बसस्थानकावर उभी होते.

"ताई, पोस्टमॉर्टम झालं," मुजुमदारबाई म्हणाल्या. "पण डॉक्टर बोलले, बॉडी ठेवण्यासारखी नाही. मे महिना आहे ना. मी दोन चर्चमध्ये फोन लावला. एक बोलले, ते दुसरीकडे जातात. दुसरे बोलले, ते पहिलेवाल्यांचे आहेत. आता तुम्हीच सांगा, मी तर परेशान होऊन गेली."

मी म्हणाले, "मला पोहोचायला उद्याची दुपार होईल. आपल्या मंडळीला सांगा. त्यांना करू दे सगळं."

"आपल्या मंडळीला? बरं. तुम्ही टेन्शन नका घेऊ."

दादा पत्रांत नेहमी असेच लिहायचा. आपल्या मंडळीत नाताळ चांगला झाला, आपल्या मंडळीतली एक बाई आजारी आहे. आम्हा मराठी ख्रिस्ती माणसांत मंडळी म्हणजे चर्च, तिथली सगळी माणसे धरून. लहानपणापासून हा शब्द आम्ही इतका वापरतो की त्याला दुसरा अर्थ आहे हे विसरूनच गेलो आहोत. मुजुमदारबाईंच्या मराठीत मंडळी म्हणजे आपली माणसे. गल्लीतली मराठी घरे.

मंगळवार

मुजुमदारांच्या बैठकीत पंखा चालू होता. त्यांच्या घराण्यातले कोणी पूर्वी सरदारांच्या पदरी कारकून म्हणून इकडे आले आणि मग इथलेच झाले. बाई मराठी बोलतात ती अर्धी हिंदीच्या वळणाची. यजमान बँकेतून निवृत्त, फार बोलत नाहीत. त्यांनी मला पाणी दिले. मी विचारले, "कुठं पुरलं?"

बाईंनी यजमानांकडे पाहिले.

"पुरलं नाही, ताई," त्या म्हणाल्या. "काल संध्याकाळी चक्रतीर्थाच्या स्मशानात केलं. तुम्ही बोलल्या ना, आपल्या मंडळीला सांगा. तर मी आपली सगळी मंडळी बोलावली. करकरे आले, किबे आले, मागच्या गल्लीतले दोघंतिघं आले. मुलगा नव्हता ना त्यांना, तर अग्नी ह्यांनी दिला."

यजमान खाली पाहत म्हणाले, "काही चुकलं का?"

त्यांनी डोक्यावरून आंघोळ केली होती, कपाळावर काही लावले नव्हते. पाळायचे ते सगळे पाळत होते. ज्या माणसाच्या चितेला अग्नी दिला तो त्यांचा कोणी नव्हता. मी म्हणाले, "नाही. तुम्ही केलंत, फार केलंत."

मग चहा आला आणि तो मी प्याले. नगरला कोणी वारले की चर्चची घंटा वाजते, जितकी वर्षे तितके ठोके, आणि लोक ठोके मोजता मोजता कोण असेल ते ओळखतात. दादासाठी ती वाजली नाही, कारण आमच्या चर्चच्या पाळकांना कळवायचे मला सुचलेच नव्हते. मी उज्जैनच्या मंडळीच्या भरवशावर होते.

संध्याकाळी बाईंनी मऊ भात आणि साधे वरण वर, दादाच्या खोलीत पाठवले. शोकाच्या घरी चूल पेटत नाही, शेजारचे जेवण येते. आमच्याकडेही तसेच असते. ही एक गोष्ट तरी दोन्हीकडे सारखी निघाली.

रामघाट, बुधवार

अस्थी मातीच्या मडक्यात होत्या, वर लाल कापड. नगरच्या आमच्या दफनभूमीत त्या पुराव्यात, आईवडिलांजवळ, असे माझ्या मनात होते. सकाळी पाळकांना फोन केला. ते हळहळले, मग म्हणाले, "अस्थींचा प्रसंग आपल्याकडे आलेला नाही. कमिटीपुढे ठेवावं लागेल. महिन्याच्या शेवटी बैठक आहे." मी म्हटले, राहू द्या.

तेव्हा मुजुमदारबाईंबरोबर रामघाटावर गेले. ऊन पायऱ्यांवर आले होते. माणसे डुबक्या मारत होती, ओल्या साड्या पसरल्या होत्या, छत्र्यांखाली पंडित बसले होते. एकाने आमच्या हातातले मडके पाहिले आणि जागा करून दिली.

"गोत्र?"

बाई मला हळूच म्हणाल्या, "कश्यप सांगून देऊ? ज्यांना माहीत नसतं ते सगळे कश्यपच सांगतात."

मी नकारार्थी मान हलवली. बाई पंडितांना म्हणाल्या, "पंडितजी, इनका गोत्र नहीं होता. ये ईसाई हैं."

पंडित म्हातारे होते. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिले. "होता सबका है, माताजी. याद नहीं रहता. जाइए, आप अपने हिसाब से कर लीजिए. उधर पानी साफ़ है."

मी पाण्यात दोन पायऱ्या उतरले आणि मडके रिकामे केले. प्रभूची प्रार्थना मनातल्या मनात म्हटली. "आमच्या स्वर्गातील पित्या" यातला 'आमच्या' हा शब्द म्हणताना मला थांबावे लागले.  बाई वरच्या पायरीवर पदर डोक्यावर घेऊन उभ्या होत्या. परतताना त्यांनी घाटाबाहेर मला पोहे घ्यायला लावले. वर शेव आणि जिरावण मसाला. मला वाटले होते घास उतरणार नाही. उतरला.

भैरवगढ, गुरुवार

दादाच्या खोलीत एक खाट, पुस्तकांची दोन फडताळे आणि एक कॅलेंडर. कॅलेंडरवर रविवारांना खुणा होत्या, त्या मला गुरुवारी सकाळी दिसल्या. पहिल्या रविवारपुढे 'मिशन', दुसऱ्यापुढे 'फादर', तिसऱ्यापुढे 'जोजी', चौथ्यापुढे पुन्हा 'मिशन'.  तो कुठल्याच एका चर्चचा नव्हता. नव्या चर्चमध्ये नाव घालायला लागते ते सभासदत्वाचे पत्र त्याने नगरहून कधी आणलेच नव्हते. ही तीन नावे उज्जैनमधल्या तीन वेगळ्या चर्चची, तो तिन्हीकडे जायचा. म्हणून रविवारी तो कुठेच आला नाही, तेव्हा प्रत्येकाला वाटले की आज दुसरीकडे असेल.

सगळ्या गुरुवारांपुढे एकच नोंद होती: 'भैरवगढ, सुशीलाबाई.'

भैरवगढ म्हणजे छपाईच्या कापडांची वस्ती. नदीकाठी दोऱ्यांवर चादरी वाळत होत्या, तांबड्या आणि काळसर. लाकडी ठप्पे आपटल्याचा आवाज घराघरांतून येत होता आणि हवेत रंगाचा आंबूस वास. रिक्षावाल्याने विचारत विचारत एका छापखान्यापाशी सोडले. मालक रफीकभाई टेबलावरून मान वर न करता म्हणाले, "सुशीला सिस्टर? पीछे. आप कौन?"

मी सांगितले. त्यांनी ठप्पा खाली ठेवला.

"भैयाजी गुज़र गए?" त्यांनी हात पुसले. मग म्हणाले, "बुरा मत मानना बहनजी. तीन-तीन गिरजे हैं आप लोगों के, और आता एक ही आदमी था. हम घर में बोलते थे, बाक़ी दो कब आएँगे."

सुशीलाबाई सरकारी दवाखान्यात नर्स होत्या. खुब्याचे हाड मोडल्यापासून अंथरुणाला खिळलेल्या. खायला-प्यायला रफीकभाईंच्या घरचे देत. पण पाठीला जखम झाली होती आणि ती धुवायला कोणी नव्हते. दादा औषध आणायचा, बसून वाचून दाखवायचा, पण पुरुष माणूस, पाठीला हात लावायचा नाही. खोलीत तो वास होता. मी खिडकी उघडली.

त्यांना दिसत कमी होते. माझा आवाज ऐकून म्हणाल्या, "आज भैया नहीं आए? आपको किसने भेजा है?"

"म्हणजे?"

"भैया हर बार बताते हैं ना. इस हफ़्ते पादरी साहब ने भेजा है. इस हफ़्ते फादर ने. पिछली बार केले जोजी भाई की तरफ़ से थे." त्या हसल्या. "तीनों चर्च बारी-बारी से भेजते हैं मुझे. इतना कौन करता है किसी के लिए? तो आज किसकी बारी है?"

दरवाज्यात रफीकभाई उभे होते. आमची नजरानजर झाली आणि ते निघून गेले.

दादा आयुष्यात कधी खोटे बोलत नसे. इथे तो दर गुरुवारी बोलत होता. जे असायला हवे होते ते आहे असे त्याने त्या एका खोलीपुरते सांगून ठेवले होते.

मी म्हणाले, "तीनों ने भेजा है."

मग दादाचे सांगितले. त्यांनी विचारले, "मिट्टी कहाँ हुई?"

"नदी के पास," मी म्हणाले.

"तीनों आए होंगे." त्यांनी माझा हात धरला. "मेरी मिट्टी में भी तीनों आएँगे. भैया ने बोला है. मैं मिशन में ब्याही, फादर के यहाँ पढ़ी, जोजी भाई ने मेरे लिए उपवास रखा. एक अकेला आएगा तो मुझे अच्छा नहीं लगेगा."

मी त्यांची पाठ धुतली, जमेल तशी. मला ते काम येत नाही. त्या एकदाही ओरडल्या नाहीत, आणि मला ते ओरडण्यापेक्षा वाईट वाटले.

शुक्रवार, शनिवार

दोन दिवसांत मी तिघांकडे गेले.

जुन्या मिशनच्या चर्चचे पाद्री लालसाहेब शिष्ट, थकलेले गृहस्थ. त्यांनी माझ्यासमोर सभासदांचे रजिस्टर उघडले. "देखिए, नाम नहीं है. मैंने कितनी बार कहा, प्रभाकरजी, नगर से चिट्ठी मँगवा लीजिए." फोन आला तेव्हा ते काय म्हणाले हे मी विचारले नाही. त्यांनीच सांगितले. "मैंने कहा, वे फादर के यहाँ जाते हैं. ग़लत नहीं कहा था." आणि त्यांनी रजिस्टर मिटले.

फादर डामोर झाबुआकडचे, भिल्ल कुटुंबातले, वयाने तरुण. त्यांच्या ऑफिसातल्या माणसाने फोन घेतला होता, त्यांना मंगळवारी कळले. ते ओशाळले. मी आणखी काही विचारण्याआधीच म्हणाले, "बहनजी, हमारे यहाँ कब्रिस्तान में जगह थी."

ब्रदर जोजी केरळचे, गाड्यांच्या सुट्या भागांचे दुकान चालवतात आणि गच्चीवर वीसपंचवीस लोकांची प्रार्थना घेतात. त्यांना कोणी फोनच केला नव्हता. गच्चीवरच्या प्रार्थनेचा नंबर कोणाकडे असणार?

तिघांनाही मी सुशीलाबाईंबद्दल सांगितले, आणि त्या काय समजून बसल्या आहेत तेही. तिघेही एकदा एकत्र बसायला तयार झाले.

एकत्र बसायचे कुठे हा प्रश्न निघाला. लालसाहेब म्हणाले, फादर आमच्याकडे येवोत. फादर म्हणाले, त्यापेक्षा ते इथे आले तर सोपे. जोजींची गच्ची दोघांनाही नको होती. शेवटी मुजुमदारबाई म्हणाल्या, "आमच्याकडे बसा ना. आमच्या घरी कोणी बोलणार नाही काही."

रविवार

पाच वाजता तिघे आले. मुजुमदारांच्या बैठकीत गणपतीच्या तसबिरीखाली सोफ्यावर लालसाहेब आणि फादर, मध्ये एक उशी. जोजी खुर्चीवर. बाईंनी सरबत आणले आणि जाण्याचे नाव घेतले नाही.

लालसाहेबांनी आधीच सांगून टाकले, "साझी आराधना की बात हो तो मुझे ऊपर पूछना पड़ेगा."

"मुझे भी," फादर म्हणाले.

"मुझे किसी से नहीं पूछना," जोजी म्हणाले, "पर मेरे लोग आप दोनों के यहाँ पानी भी नहीं पिएँगे, यह भी सुन लीजिए."

तिघेही हसले. सुशीलाबाईंनंतर त्या आठवड्यात मी ऐकलेले हे दुसरे हसू.

मी म्हणाले की मला आराधनेचे काही विचारायचे नाही. प्रभुभोजन कोणी कोणाला द्यावे, बाप्तिस्मा किती पाण्यात व्हावा, हे मी मरेपर्यंत मिटणार नाही. मला गुरुवारचे विचारायचे आहे. फादरांकडे दोन सिस्टर आहेत, त्यांतली एक नर्स. जोजींकडे गाडी आहे. लालसाहेबांकडे जुनी माहिती आहे, कोण कुठल्या घरात म्हातारे होऊन पडले आहे ती. कब्रस्तानात जागा एकाकडे आहे, दुसऱ्याकडे नाही. यातले एकेकच प्रत्येकाकडे आहे, ते एकट्या चर्चला पुरत नाही, म्हणून त्या खोलीत कोणीच जात नाही. माझा भाऊ एकटा जायचा आणि तिघांच्या नावाने जायचा. पाठीची जखम त्यालाही धुता आली नाही.

लालसाहेबांनी पेला टेबलावर ठेवला. मग खालच्या आवाजात म्हणाले, "आप बाहर से आई हैं. आजकल किसी के घर जाकर प्रार्थना करो तो चार लोग पूछने आ जाते हैं, किसका धर्म बदल रहे हो. अपने-अपने अहाते में हैं तो बचे हुए हैं. तीनों साथ दिखेंगे तो लोग समझेंगे, कुछ बड़ा हो रहा है."

 ती भीती खोटी नाही. जोजींनी मान डोलावली. गच्चीवर पोलीस दोनदा येऊन गेले होते.

फादर म्हणाले, "अकेला जाऊँ तो भी पूछते हैं, पादरी साहब. अकेले में जवाब देना ज़्यादा मुश्किल है."

"और आप जाओगे किसके घर?" दारातून मुजुमदारबाई म्हणाल्या. "अपनी ही बुढ़िया के घर. उसमें कौन सा धर्म बदल रहा है?" मग त्या थांबल्या नाहीत. "आप तीनों एक ही भगवान के नौकर, और एक-दूसरे का नंबर नहीं? हमारे यहाँ भी पुजारी लोग लड़ते हैं, मगर नंबर तो रहता है! उस दिन किसी एक ने बोला होता, रुको, मैं दूसरे को लगाता हूँ. बस इतना. मेरे आदमी ने पराए का अग्निसंस्कार किया, ताई को मिट्टी भी नहीं मिली."

यजमान म्हणाले, "अगं."

"अगं काय? खरं आहे ते."

 लालसाहेबांनी खिशातून पेन काढले. एका कागदावर तिघांचे नंबर लिहिले गेले, खाली मुजुमदारबाईंनी स्वतःचाही लिहायला लावला. ठरले ते थोडेच. दर गुरुवारी फादरांकडची सिस्टर आणि जोजींची पत्नी गाडीने भैरवगढला जातील. लालसाहेब महिन्यातून एकदा जाऊन बायबलचे वाचन करतील आणि आणखी कोण पडून आहेत त्यांची नावे देतील. आणि मृत्यूचा निरोप एकाकडे आला तर तो 'आमचा नाही' असे म्हणण्याआधी उरलेल्या दोघांना फोन करील. शेवटचे वाक्य लालसाहेबांनी स्वतः सुचवले.

प्रार्थना केली नाही. कोणी करायची हे ठरवायला वेळ गेला असता.

परत नगरला

घरी आल्यावर मी मोजले. माझ्या घरापासून चालत दहा मिनिटांत, आमचे सोडून, चार वेगवेगळी चर्च आहेत. तीस वर्षे मी त्यांच्यावरून ग्रंथालयात जात होते. आतल्या एकाही माणसाचे नाव मला माहीत नाही. माझे नाव एकाच रजिस्टरात आहे, नीट अक्षरात, म्हणून मी निर्धास्त होते. माझ्या पाळकांना हे सांगितले. ते म्हणाले, "तुमचं दुःख ताजं आहे." त्यांचे म्हणणे चुकीचे नाही, पण ते उत्तरही नाही.

उज्जैनचे मला मुजुमदारबाई फोनवर सांगतात. पाठीची जखम भरत आली होती. पण सुशीलाबाईंना छातीत कफ झाला आणि ऑगस्टमध्ये त्या गेल्या. फोन पहिल्यांदा रफीकभाईंनी जोजींना केला, जोजींनी दोघांना. जोजींच्या गाडीतून नेले, फादरांच्या कब्रस्तानात पुरले, लालसाहेबांनी वाचन केले. रफीकभाईंच्या घरची माणसे फाटकाशी उभी होती, फादरांनी त्यांना आत बोलावले. बाई म्हणाल्या, "मी पण गेली होती, ताई. तिघांनी एकेक मूठ माती टाकली. मी मोजलं."

पुढच्या महिन्यात लालसाहेबांची बदली झाली. त्यांच्या जागी आलेले पाद्री म्हणतात, हे तोंडी ठरलेले आहे, लेखी काही नाही, कमिटीला विचारावे लागेल. शेजाऱ्यांच्या तक्रारीनंतर जोजींच्या गच्चीवरची प्रार्थना बंद पडली, त्यांची माणसे आता दोन-दोन, तीन-तीन करून घरांत जमतात.

लालसाहेब जाण्यापूर्वी चार नावे देऊन गेले. दोन फ्रीगंजकडची, एक स्टेशनामागचे, एक नागझिरीचे. सगळे अंथरुणावर आहेत. दर गुरुवारी त्यांच्याकडे दोन चर्चची माणसे जातात, फादरांची आणि जोजींची. तिसऱ्या, मिशनच्या चर्चमधून अजून कोणी येत नाही.